न ऐकलेली शिट्टी

ब्रेमेन
९ फेब्रुवारी १९७५

प्रिय लोथार,

टेप पोचली. पोस्टमनने डबा दाराच्या फटीतून आत कोंबायचा प्रयत्न केला होता, पण आतली टेप शाबूत आहे. सोबत तुझी चिठ्ठी: ‘कशी वाटली ते खरं सांग, बहीण म्हणून सांगू नकोस.’ ठीक आहे. बहीण म्हणून नाही, लेखक राल्फ ब्रांडो म्हणून सांगते. आमच्या प्रकाशकाला अजूनही धास्ती आहे की ब्रांडो हा बाईमाणूस आहे हे बाहेर फुटलं, तर स्टेशनवरच्या टपऱ्यांतून अंतराळाच्या चोपड्या खपायच्या बंद होतील. बायकांना यान चालवता येत नाही म्हणे. स्वतः गाडी भिंतीवर आपटून आलाय मागच्या महिन्यात.

तर ऐक. मी तुला दिलेली गोष्ट साधी होती. पृथ्वी कायमची सोडून निघालेलं यान, आत सगळे गाढ झोपलेले आणि पहाऱ्यावर एकटी जागी असलेली बाई, नोवे. तू त्या गोष्टीचं जे संगीत केलंस ते ऐकताना मी स्वयंपाकघरात उभीच राहिले. यानाचं इंजिन म्हणून तो जो खालचा सूर घुमतो, त्याने कपाटातल्या बशा वाजल्या. पण ती शिट्टी, लोथार! ती माझ्या गोष्टीत नव्हती. पृथ्वी खिडकीतून दिसेनाशी होते तिथे ती सुरू होते, अगदी बारीक, केसाएवढी, आणि रेकॉर्डची ती अख्खी बाजू संपेपर्यंत थांबत नाही. आधी वाटलं माझं यंत्र बिघडलं. खालच्या बाईंचा कुत्रा कपाटामागे जाऊन बसला आणि बाई जिना चढून भांडायला आल्या.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही पृथ्वी आहे. मागे राहिलेलं कोणीतरी सारखं सांगतंय, आम्ही आहोत, आम्ही आहोत. बाकी सगळं संगीत बदलतं, ही बदलत नाही. मी गोष्टीचा उत्तरार्ध फाडून टाकला. आता नोवे त्या शिट्टीसाठीच जागी राहते. ज्या दिवशी ती तिला ऐकू येणार नाही, त्या दिवशी तिच्यापुरती पृथ्वी संपली.

आणि हे सगळं करून तू माझ्याशी अवाक्षर बोलला नाहीस. चोर कुठला!

तुझी,
लिंडे


गिरणी, आयफेल
२४ फेब्रुवारी

प्रिय लिंडे,

तुझं पत्र आल्यापासून मी कोंबड्यासारखी मान वर करून फिरतोय, असं फोल्कर म्हणतो. त्याला ड्रम बडवणं आणि वाटाण्याचं सूप ढवळणं सोडून काही येत नाही, तेव्हा त्याचं मनावर घेऊ नकोस. कार्निव्हलला तो खालच्या गावात अंतराळवीर होऊन गेला होता, डोक्यावर सुपाचंच पातेलं घालून. पातेलं निघेना. दोघांनी धरून ओढलं.

शिट्टीचं म्हणशील तर, हो. बरं झालं तुझ्या लक्षात आली. काही गोष्टी आधी सांगितल्या की त्यांची मजा जाते. आता एक काम कर. कागद घेऊन बस आणि ती तुला नेमकी कशी ऐकू येते ते लिहून काढ. कुठे सुरू होते, थरथरते की सरळ जाते, कोणत्या वाद्याच्या जवळची वाटते. करणाऱ्याला स्वतःचं कळत नसतं, म्हणून विचारतो.

आईचं पत्र आलं होतं. विचारते, घरचा पियानो असा पडून आहे आणि तू ती विजेची कपाटं का वाजवतोस? तिला काय सांगू? पियानोवर बोट ठेवलं की बाबा खोलीत येतात, हातात सूर लावायची किल्ली घेऊन. या यंत्रांना बाप नाही. यांच्यातून जो आवाज निघतो तो युद्धाआधी कोणी ऐकलेला नाही. मला वाटतं आमच्या पिढीची सगळी पोरं म्हणूनच यानं आणि ताऱ्यांच्या रेकॉर्डी काढत सुटली आहेत. मागे वळून काही विचारलं की घरात सगळे गप्प व्हायचे. मग पुढेच बघायचं, आणि जितकं लांब बघता येईल तितकं बघायचं. डोंगराच्या पलीकडे ती आकाशातले आवाज पकडणारी मोठी थाळी आहे ना, फोल्कर रोज तिला हात करतो.

शिट्टीचं लिही. विसरू नकोस.

लोथार


ब्रेमेन
१२ मार्च

प्रिय लोथार,

घे तुझा अहवाल. शिट्टी सरळ जाते, थरथरत नाही. कोणत्याच वाद्याच्या जवळची नाही, सगळ्यांच्या डोक्यावरून जाते. मान थोडी वळवली की क्षणभर नाहीशी होते आणि परत येते. दात घासताना जसा एखादा दात अचानक ठणकतो तशी ती पहिल्यांदा लागते, मग सवय होते आणि मग ती थांबली की चुकल्यासारखं वाटतं. झालं समाधान?

आता माझा पराक्रम ऐक. तुमच्या रेकॉर्ड कंपनीतल्या माणसाचा मला फोन आला. तुमचा फोन लागत नव्हता म्हणे. त्यांच्या तंत्रज्ञांची तक्रार आहे की दुसऱ्या बाजूवर काहीतरी किरकिरतंय, ते चाळून काढून टाकू का? लोथार, मी त्या माणसाला असा फैलावर घेतला! म्हटलं, साहेब, ते किरकिरणं म्हणजे या अल्बमचा कणा आहे. ते काढलंत तर उरेल फक्त इंजिन आणि झोपलेली माणसं. तो बिचारा ‘माफ करा, मला वाटलं चूक आहे’ म्हणत राहिला. मी म्हटलं, माझ्या भावाच्या कानातून चूक सुटत नाही. रेकॉर्डच्या कव्हरच्या आतल्या घडीवर छापायची गोष्टही मी त्याला देऊन टाकली, नव्या शेवटासकट. आता शिट्टी कायमची.

बाबा असते तर काय म्हणाले असते, असा विचार करत होते. त्यांना ती ऐकू आलीच नसती म्हणा. गोस्लारमध्ये एकेका घराने त्यांना पियानो लावायला बोलावणं बंद केलं ते दिवस तुला आठवतात? वरचे सूर खोटे लागायला लागले होते आणि कोणी तोंडाने सांगितलं नाही. सगळे म्हणायचे, सध्या नको, पुढच्या वर्षी बघू. आईला माहीत होतं. तीही गप्प राहिली. शेवटी एका लग्नघरी पाहुण्यांसमोर त्यांना कळलं. त्यानंतर ते कोणाशी फारसं बोललेच नाहीत.

जाऊ दे. तू आनंदात आहेस, मी कुठे हे काढत बसले!

लिंडे


गिरणी
२० ऑगस्ट

प्रिय लिंडे,

इतके महिने लिहिलं नाही म्हणून रागावू नकोस. रेकॉर्ड चालली आहे, तुला कळलंच असेल. रोज पत्रं येतात. ट्युबिंगनच्या विद्यार्थ्यांनी शिट्टीवर व्याख्यान ठेवलं आणि मला बोलावलं. मी आजारी आहे असं कळवलं. एका बाईने लिहिलंय की तिचा नवरा वारला, त्यानंतर ती रोज दुसरी बाजू लावते आणि शिट्टी थांबायच्या आत बंद करते. एक जण विचारतो, ती शिट्टी कोणत्या ताऱ्याची आहे? त्याला फोल्करने उत्तर पाठवलं, ‘स्वयंपाकघराच्या बाजूच्या.’

तुझी गोष्टही सगळ्यांना पाठ आहे. आम्ही स्टेजवर आलो की पोरं ओरडतात, नोवे, जागी आहेस का?

इथे उन्हाळा छान आहे, पण विचित्र शांत. यंदा गवतात एकसुद्धा रातकिडा नाही. मे महिन्यातल्या थंडीने मेले असतील. फोल्करला म्हटलं तर तो माझ्याकडे बघून नुसता हसला आणि म्हणाला, लोथार, आज तुझा चेष्टेचा मूड दिसतोय. मग आम्ही बटाट्याची धिरडी केली, सफरचंदाच्या गराबरोबर. तुझी आठवण आली.

दुसऱ्या अल्बमसाठी गोष्ट दे ना. कंपनी मागे लागली आहे.

लोथार


ब्रेमेन
२६ ऑगस्ट

लोथार,

तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘यंदा रातकिडे नाहीत, मेच्या थंडीने मेले असतील.’ हे वाक्य मी आधी ऐकलं आहे. बाबा गोस्लारच्या अंगणात खुर्ची टाकून बसले होते, आणि रातकिडे इतके कर्कश ओरडत होते की आईला त्यांच्याशी मोठ्याने बोलावं लागत होतं. तू लहान होतास. मी आईकडे बघितलं आणि ती म्हणाली, हो ना, यंदा फारच थंडी पडली.

म्हणून सरळ विचारते. तुला ती शिट्टी ऐकू येते का? कधी ऐकू आली होती का?

मी आई नाही. मला खरं उत्तर हवं आहे.

लिंडे


गिरणी
१५ सप्टेंबर

लिंडे,

नाही. कधीच नाही.

फेब्रुवारीत तुझं पत्र आलं तेव्हा वाटलं तुझं यंत्र खरंच बिघडलंय. मी टेप लावली, कान स्पीकरच्या पेटीला चिकटवून बसलो. काही नाही. मग वाटलं तू माझी फिरकी घेते आहेस. फोल्करला विचारायचं कसं? मी त्याची परीक्षा घेतल्यासारखं करून विचारलं, दुसऱ्या बाजूच्या शिट्टीबद्दल तुझं काय मत? तो म्हणाला, चांगली आहे, फक्त जरा जास्त वेळ आहे, पण तू ठेवलीस म्हणजे विचार करूनच ठेवली असशील. नंतर मी एकटा असताना यंत्रांचा एकेक खटका तपासला. कोपऱ्यातलं सूर काढणारं एक यंत्र, ऑसिलेटर, चालू राहिलं होतं. त्याची वायर टेपच्या मिश्रणात जोडलेली होती. मी ती बाजू एकट्याने बसून तयार केली होती आणि ते यंत्र माझ्या कानाजवळ तास न् तास किंचाळत होतं.

दुसऱ्या कुठल्याही धंद्यात कोणीतरी म्हणालं असतं, लेका, तुझं काहीतरी चालू राहिलंय. पियानो बेसूर लागला तर आज ना उद्या कळतं. आमच्याकडे चूक झाली तर लोक म्हणतात, हा कुठल्या ग्रहावरचा आवाज असेल बरं! तूही तेच म्हणालीस. आणि इतकं सुंदर लिहिलंस, लिंडे, की मला ते माझंच असावंसं वाटलं. मी तुझ्याकडून शिट्टी कशी आहे ते लिहून घेतलं आणि तेच शब्द मुलाखतीत पाठ म्हणून दाखवले. ‘सरळ जाते, थरथरत नाही.’ तुझेच शब्द.

बाबांना कोणी सांगितलं नाही. मला तर टाळ्या वाजवून सांगितलं, तरी मला कळलं नाही.

बॉनच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. गेलं ते परत येत नाही. जिना वरून कोसळत खाली येतो तसं आहे हे, आधी उंच सूर जातात. खालच्या पायऱ्या अजून बऱ्याच शिल्लक आहेत, असं ते म्हणाले, धीर द्यायला. आईला कळवू नकोस. मला आत्ता तिचा फार राग येतो. तिने बाबांना सांगितलं असतं तर निदान मी माझ्याकडे लक्ष दिलं असतं.

तुझ्याकडून एकच हवं. यापुढे मला जे ऐकू येणार नाही ते तू सांगायचं. गोड करून नाही, आणि उशिरा नाही. दुसऱ्या कोणाचा मला भरवसा नाही.

लोथार


ब्रेमेन
२१ सप्टेंबर

लोथार,

कबूल. वचन देते.

तुझं पत्र वाचून खूप रडले. त्या कंपनीच्या माणसाला मी काय म्हणाले ते आठवतं. माझ्या भावाच्या कानातून चूक सुटत नाही! तो खरं बोलत होता आणि मी त्याला झापलं.

दुसरा अल्बम कर. मी तुला एका खोल समुद्राच्या ग्रहाची गोष्ट देते. तिथे वरचे सूर पोचतच नाहीत. सगळं खालूनच येतं. कोणाला संशयसुद्धा येणार नाही.

लिंडे


ब्रेमेन
१४ नोव्हेंबर १९७६

प्रिय लोथार,

काल एसेनच्या कार्यक्रमाला मी होते. तुला सांगितलं नव्हतं. मागच्या ओळीत बसले होते, पोरापोरींच्या घोळक्यात, कोणाची तरी आजी आल्यासारखी.

समुद्राचा ग्रह सुरेख झाला. खालचे सूर माझ्या पोटात वाजत होते. पण मध्यंतरानंतर जे झालं ते तुला कोणी सांगितलं असेल असं वाटत नाही, म्हणून हे पत्र. तुमच्या स्पीकरच्या पेट्यांमधून एक किंचाळी सुरू झाली. शिट्टी नव्हे. सुरी काचेवर घासावी तसा आवाज. माइकने पेटीचाच आवाज परत पकडला असणार. लोकांनी कान झाकले. पुढच्या ओळीतली एक मुलगी खाली वाकून बसली. फोल्कर ड्रमवरून तुला खुणा करत होता, पण तुझे डोळे मिटलेले होते. तू हसत होतास, लोथार. फार दिवसांनी तुला असं मनापासून वाजवताना बघितलं. शेवटी कोणीतरी मागे जाऊन वायर उपटली.

आणि मग लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात. माझ्या शेजारचा मुलगा कान चोळत मित्राला म्हणाला, “समुद्र फुटला ना तेव्हा! भन्नाट! माझा तर जीवच गेला.”

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. तुला भेटायला मागे आले होते, पण दारापर्यंत येऊन परत गेले. समोरासमोर मला हे सांगता आलं नसतं.

लिंडे


गिरणी
२ डिसेंबर

लिंडे,

फोल्करला विचारलं. तो रडला. म्हणाला, लोक इतके खूश होते, मी कुठल्या तोंडाने सांगू?

कार्यक्रम बंद केले. कंपनीला कळवलं. यंत्रं फोल्करला दिली, तो ती त्याच्या नव्या मंडळींबरोबर वाजवतो. राहतो मात्र इथेच, सूप ढवळायला कोणीतरी लागतं म्हणतो. मी लाकूडकाम शिकतोय. करवत हातालाच कळते.

तू सांगितलंस ते बरं केलंस. पण आता काही दिवस येऊ नकोस. तुझा चेहरा बघितला की मला ती मिटल्या डोळ्यांची गोष्ट आठवेल.

लोथार


गोस्लार
८ ऑक्टोबर १९७८

प्रिय लोथार,

आईला हॉस्पिटलात ठेवलं आहे. हृदय दमलंय, असं डॉक्टर म्हणतात. मी ब्रेमेनहून येऊन तिच्याच घरी राहिले आहे. ती तुझी चौकशी करते. तिला मी तुझ्या कानाचं सांगितलं, रागावू नकोस, तिला आधीच माहीत होतं. मागच्या नाताळात तिने तुझ्या पाठीमागून तुला तीनदा हाक मारली होती.

फोल्कर लिहितो की तू फोन उचलतोस आणि नुसतं हो हो म्हणतोस. खरं आहे का?

जमेल तितक्या लवकर ये.

लिंडे


गिरणी
१२ ऑक्टोबर

लिंडे,

फोल्कर काहीही सांगतो. परक्यांचं कळत नाही हे खरं, पण तुझा आवाज मला लहानपणापासून पाठ आहे. तुझं फोनवर बहुतेक सगळं कळतं. काही झालं तर फोन कर.

चर्चची बाकं या महिनाअखेर द्यायची आहेत. ती झाली की लगेच निघतो. आईला सांग, मी येतोय.

लोथार


गिरणी
२४ ऑक्टोबर

माझ्या लाडक्या लिंडे,

रविवारी तुझा फोन आल्यापासून मी हवेत आहे. आई घरी गेली! मला हॉस्पिटल ऐकू आलं, मग ‘गेली’ ऐकू आलं, आणि माझ्या तोंडून आपोआपच निघालं, सुटली एकदाची बिचारी. तू रडायला लागलीस, मग मलाही रडू आलं. आनंदाने माणूस असा रडतो हे विसरलोच होतो. बघ, म्हटलं नव्हतं, तुझं मला फोनवर कळतं?

गुरुवारी अकरा वाजता काय ते मला नीट लागलं नाही. डॉक्टर घरी येऊन तपासणार असतील. मी हो म्हटलं. त्यांना विचार, तिला जिना चढू द्यायचा का? नाहीतर तिचा पलंग खालच्या खोलीत हलव, पियानोच्या शेजारी. फोल्कर बहिणीच्या लग्नाला गेलाय, नाहीतर त्याला लगेच पाठवला असता पलंग हलवायला.

आता ती घरी आहे तर मला घाई नाही. बाकं नीट संपवतो आणि सावकाश येतो, चांगला राहायला येतो. मी तिच्यासाठी पाय ठेवायचं एक छोटं स्टूल करतोय, अक्रोडाचं. आणि तिला मला एक विचारायचं आहे. बाबांना का नाही सांगितलंस? भांडायला नाही. राग केव्हाच गेला. आता मला फक्त कळून घ्यायचं आहे, कारण ते तिच्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही.

तिला सूप दे, आणि माझ्या वतीने कपाळाचा पापा घे.

तुझा,
लोथार


आयफेलच्या गाडीत
२८ ऑक्टोबर

लोथार,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. तुझ्या हातात देईन आणि समोर बसेन. अक्षर हलतंय, गाडी हलते आहे.

आई घरी गेली नाही. आई वारली. रविवारी पहाटे, हॉस्पिटलात, झोपेत. मी तुला फोनवर तेच सांगितलं. मी म्हणाले, ‘आई गेली’, आणि तू म्हणालास, ‘सुटली एकदाची बिचारी.’ सगळेच असं म्हणतात. शेजारच्या बाई म्हणाल्या, नर्स म्हणाली. मला वाटलं तुला कळलं आणि तू मला धीर देतो आहेस. म्हणून मी रडले. गुरुवारी अकरा वाजता मातीला ये, असं सांगितलं, तू हो म्हणालास.

गुरुवारी मी पाद्रींना थांबवलं. थोडा वेळ, मग आणखी थोडा वेळ. लोक फाटकाकडे बघत होते आणि मग माझ्याकडे बघायचं टाळत होते. मी तुझ्यावर इतकी चिडले की शवपेटीवर माती टाकताना तुझ्या वाटची मूठ टाकली नाही. ती टाकायची राहिली आहे. शुक्रवारी तुझं पत्र आलं, आणि मी आईच्या जिन्यावर बसून ते वाचलं.

गोड करून सांगायचं नाही असं ठरलं होतं. तुला ऐकू आलं नाही म्हणून तू आईच्या मातीला नव्हतास. हे खरं आहे. तुझा त्यात दोष नाही, हेही खरं आहे. मला त्या दिवशी तुझा आवाज ऐकायचा होता, म्हणून मी फोन केला. तुला माझा ऐकू येईल का, हा विचार मी केला नाही.

तुला तिला जे विचारायचं होतं ते मी तिला विचारलं होतं, शेवटच्या आठवड्यात. ती म्हणाली, “रोज वाटायचं गं, उद्या सांगीन.” एवढंच. याहून मोठं उत्तर तिच्याजवळ नव्हतं, आणि ते तिने तुझ्यासाठीच ठेवलं होतं असं मला वाटलं, कारण लगेच म्हणाली, लोथारलाही सांग.

म्हणून मी उद्यावर टाकलं नाही. पहिल्या गाडीने आले.

वाचून झालं की बोलायची घाई करू नकोस. फक्त मान वर कर. मी तुझ्यासमोर बसले आहे.

लिंडे